पीटच्या कुंड्यांचा सामू: उरुळी कांचनच्या एका नर्सरीतल्या प्रकल्प नोंदी

२२ जुलै २०२४

पीटचे गठ्ठे आज उतरले. बाल्टिक देशांतलं स्फॅग्नम पीट, म्हणजे दलदलीत साठत गेलेलं, अर्धवट कुजलेलं मॉस, दाबून भरलेलं. गठ्ठा फोडला तर आतून इतकं कोरडं की वर ओतलेलं पाणी थेंबाथेंबाने ओघळून जातं, आत शिरतच नाही. कोमट पाणी शिंपडून, हाताने चोळून ओलं करावं लागलं. मग एक माप पीट, दोन मापं डिस्टिल्ड पाणी, अर्धा तास थांबून मीटर बुडवला. सामू (पीएच; आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त) ३.९. चुनखडी न घालता यात आपलं कुठलंच फुलझाड नीट जगणार नाही.

यंदाचं मिश्रण नर्सरी चालवणाऱ्या दादांशी बोलून ठरवलं: पीट ६० टक्के, धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) २० टक्के, परलाइट (फुलवलेल्या ज्वालामुखी खडकाचे हलके दाणे) २० टक्के. सगळं मिश्रण पीटवरच करा असा सल्ला दादांना मिळाला होता. मी कोकोपीटचा आग्रह धरला. पीटची दलदल वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढते, म्हणजे हातात आलेला प्रत्येक गठ्ठा शेकडो वर्षांचा साठा आहे. जिथे कोकोपीट चालतं तिथे ते वापरलंच पाहिजे. शिवाय कोकोपीट मुळात इतकं आम्ल नसतं, त्यामुळे चुनखडीही कमी लागते.

एकेक लिटर मिश्रणाच्या पिशव्या भरून ठेवल्या. एकीत काहीच नाही, बाकीच्यांत २, ३, ४, ५ आणि ६ ग्रॅम डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेली चुनखडी). लिटरला ग्रॅम म्हणजेच घनमीटरला किलो, त्यामुळे पुढचा हिशोब सोपा. पिशव्या ओल्या करून सैल बांधल्या आणि शेडमध्ये सावलीला ठेवल्या.

५ ऑगस्ट

पिशव्यांचे आकडे आता स्थिरावले. काहीच न घातलेली ४.३, दोन ग्रॅमची ५.१, तीनची ५.६, चारची ६.०, पाचची ६.३, सहाची ६.५. सुरुवातीला सगळेच आकडे खाली होते, आठवडाभर चढत गेले, मग थांबले. म्हणून मिश्रण भिजवल्या दिवशी सामू मोजून डोलोमाइट आणखी टाकायची घाई कुणी करू नये. दगडाची भुकटी आहे, तिला विरघळायला वेळ लागतो.

आणखी एक गोष्ट तपासली. शेतात टाकायला मिळतं ते डोलोमाइट आणि १०० मेशच्या चाळणीतून गेलेलं बारीक डोलोमाइट, दोन्ही चार ग्रॅमच्या हिशोबाने. जाडं अजून ५.२ वरच रेंगाळतंय. वजन तेच, नाव तेच, पण काम निम्मं. जाडे कण पुढे हळूहळू विरघळतील, तो साठा म्हणून बरा. पण महिना-दीड महिन्यात विकायच्या कुंडीला त्यांचा भरवसा नाही. पोत्यावर मेश लिहिलेला नसेल तर आधी चाळून बघायचं.

दर आपण ४ किलो प्रति घनमीटर ठरवला. इथे दादांचा प्रश्न रास्त होता: झेंडूला सामू चढा लागतो, पिटुनियाला उतरता, मग दोन मिश्रणं का नकोत? झेंडूला ६.० ते ६.६ मानवतो आणि पिटुनियाला साधारण ५.४ ते ६.२, हे खरंच आहे. पण आपल्या अंगणात दोन ढीग आठवडाभर वेगळे राहत नाहीत, हे सगळ्यांनाच माहीत आहे. मिश्रण एकच ठेवू, ६.० वर. पुढे झेंडूला वर आणि पिटुनियाला खाली न्यायचं काम पाणी आणि खत करतील. डोलोमाइट फक्त सुरुवात ठरवतं.

८ ऑगस्ट

पाण्याची तपासणी. माझ्या मते या सगळ्या प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा दिवस.

आपल्याकडे दोन पाणी: बोअरचं, आणि पॉलिहाऊसच्या छपरावरून शेततळ्यात साठणारं पावसाचं. नुसता सामू मोजला तर बोअर ७.४ आणि शेततळं ७.८. दादा म्हणाले, "म्हणजे मॅडम, शेततळंच जास्त खराब." आकडे बघून कुणीही हेच म्हणेल.

मग अल्कता, म्हणजे आम्ल पुसून टाकायची पाण्यातली ताकद, मोजली. १०० मिलि पाणी घ्यायचं, ०.०२ नॉर्मल (तीव्रतेचं एकक) सल्फ्युरिक ॲसिड थेंबाथेंबाने सोडत सामू ४.५ वर आणायचा. जितके मिलि लागले त्याला दहाने गुणलं की कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात मिग्रॅ प्रति लिटर. शेततळ्याला ३ मिलि लागले, बोअरला ३२. म्हणजे ३० आणि ३२०.

दादांना पटावं म्हणून दोन काचेचे ग्लास घेतले. दोन्हींत अर्धा लिटर पाणी, दोन्हींत ०.१ नॉर्मल ॲसिड प्रत्येकी १० मिलि. शेततळ्याच्या पाण्याचा सामू कोसळून २.९ झाला. बोअरचा ६.७ वर थांबला. दादा बराच वेळ दोन्ही ग्लासांकडे बघत राहिले.

शेततळ्यातलं शेवाळ दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून तिथला सामू वर दिसतो. पण त्या पाण्यात जोर नाही. कुंडीत गेलं की कुंडीच्या सामूला ते हलवू शकत नाही. बोअरचं पाणी बेसाल्टच्या भेगांतून बायकार्बोनेट घेऊन येतं. आपल्या ड्रीपरच्या तोंडाशी बसणारा पांढरा थर त्याचाच. ते पाणी रोज घालणं म्हणजे रोज चिमूट चिमूट चुनखडी घालत राहणं. पाण्याचा सामू काय आहे हे कुंडीला फारसं कळत नाही, अल्कता मात्र नेमकी कळते.

२० ऑगस्ट

कुंडीतला झेंडू लावून झाला. बुटकी जात, सहा इंची कुंडी, दसऱ्यासाठी. पाऊस चांगला आहे, शेततळं भरलेलं आहे, त्यामुळे सगळं पाणी तिथलंच.

नर्सरीत काम करणाऱ्या मावशींना सामू मोजायची रीत शिकवली. कुंडी उपटून माती काढायची नाही. आधी नेहमीसारखं पाणी घालायचं, तासभर निथळू द्यायचं. मग कुंडीखाली ताटली ठेवून वरून ७५ ते १०० मिलि डिस्टिल्ड पाणी हळूहळू गोल फिरवत ओतायचं. ताटलीत साधारण ५० मिलि गळालं पाहिजे. त्यात सामू आणि ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप) मोजायची. फार जास्त गळालं तर ओतलेलं पाणीच मोजलं जातं. कडेने घळकन ओतलं तरीही तेच.

मीटर दर वेळी ४ आणि ७ च्या बफरमध्ये (ठराविक सामूच्या द्रावणात) लावून घ्यायचा. काचेचा गोळा कोरडा ठेवायचा नाही, पुसायचा नाही, टोपीत पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण असलंच पाहिजे. मावशींचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे, आकडा थांबेपर्यंत त्या धीर धरतात. वहीत रकाने आखून दिले: रांग, तारीख, सामू, ईसी, पाणी कुठलं, खत कुठलं. शेवटचे दोन रकाने रिकामे राहिले तर पहिल्या चारांतून काहीच कळणार नाही, हे त्यांना बजावून सांगितलं.

११ सप्टेंबर

झेंडूच्या खालच्या पानांवर बारीक तपकिरी ठिपके, कडा तांबूस करपलेल्या. औषधांच्या दुकानातून बुरशीनाशकाचा सल्ला आला होता, डबाही आला होता. तो बाजूला ठेवायला लावला. ठिपके सगळ्या रांगांत सारखेच होते, एका कोपऱ्यातून पसरत आलेले नव्हते. ओल्या कोपऱ्यात जास्त, कोरड्यात कमी असंही नव्हतं. बुरशी अशी समान वाटून येत नाही.

वहीत कारण सापडलं. मावशींच्या आकड्यांत सामू ६.० वरून ५.७, ५.४ आणि आज ५.१. म्हणजे आम्लता सुरुवातीच्या आठपट. इतक्या खाली गेलं की मिश्रणातलं लोह आणि मँगनीज मोकळं सुटतं. झेंडू हे मुळांभोवती आम्ल सोडून लोह ओढून घेण्यात तरबेज झाड आहे. लोह कमी असताना हा गुण त्याला तारतो, इथे तोच त्याला मारतो, कारण पानात लोह आणि मँगनीज साठत जातं.

सामू उतरला कशामुळे? पाण्यात अल्कता जवळपास नाही. खत सुरुवातीपासून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के), ज्यातला बराचसा नत्र अमोनिया आणि युरियाच्या रूपात असतो. अमोनियाचा नत्र झाडाने घेतला की मुळं आम्ल बाहेर टाकतात, आणि जिवाणूंनी त्याचं नायट्रेट केलं तरी आम्लच तयार होतं. बोअरचं पाणी असतं तर त्यातल्या बायकार्बोनेटने हे आम्ल पुसून टाकलं असतं. पावसाच्या पाण्यात पुसायला काही नाही. उन्हाळ्यात याच खताने आपल्याकडे काही बिघडत नाही आणि पावसाळ्यात बिघडतं, त्याचं कोडं इथे सुटतं.

१३ सप्टेंबर

उपाय दोन प्रकारे केला, म्हणजे तुलना राहील.

बहुतेक रांगांना पोटॅशियम बायकार्बोनेट, लिटरला २.४ ग्रॅम, कुंडीतून थोडं गळेपर्यंत आळवणी. पानांवर पडलेलं लगेच साध्या पाण्याने धुतलं. दुसऱ्या दिवशी कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्याने भरपूर निचरा होईल असं पाणी दिलं, कारण बायकार्बोनेटबरोबर पोटॅशही बरंच जातं, ते कुंडीत साठू नये.

राहिलेल्या रांगांना चुन्याची निवळी. विरी गेलेला चुना पिंपात कालवून रात्रभर ठेवला, सकाळी वरचं नितळ पाणी काढून पंधरापट पाण्यात मिसळलं. निवळी तीव्र असते, हातमोजे आणि चष्मा लावूनच काम. ज्या कुंडीत नुकतंच अमोनियाचं खत घातलंय तिथे ती लगेच घालायची नाही. अमोनियाचा वायू सुटतो आणि मुळं भाजतात. म्हणून या रांगांचं खत आधी थांबवलं होतं.

खत बदललं: आता कॅल्शियम नायट्रेट आणि १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) आलटून पालटून. दोन्ही वेगवेगळ्या टाक्यांतून. पाणी निम्मं शेततळ्याचं, निम्मं बोअरचं, म्हणजे अल्कता १७५ च्या आसपास.

२१ सप्टेंबर

बायकार्बोनेटच्या रांगा ५.९ वर. निवळीच्या ५.५ वर, हळू पण वर. नवीन पानं स्वच्छ आहेत. जुने ठिपके जाणार नाहीत, ती पानं मावशींनी खुडून टाकली. कुंडीची खालची बाजू थोडी उघडी दिसते, पण कळ्या भरल्या आहेत.

१० ऑक्टोबर

दसऱ्याच्या दोन दिवस आधीच झेंडूच्या कुंड्या गेल्या. पाऊस ओसरला. शेततळ्याचं उरलेलं पाणी दादांनी प्रो-ट्रेमधल्या रोपांसाठी राखून ठेवायला सांगितलं, तो निर्णय योग्य आहे. ट्रेच्या कप्प्यात मिश्रण चमचाभर, त्यामुळे खराब पाण्याचा परिणाम तिथे सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त होतो.

पिटुनिया आणि कॅलिब्राकोआ (पिटुनियासारखंच, लहान फुलांचं झाड) आता बोअरवर. एक रांग मुद्दाम वेगळी ठेवली, तिला शेततळ्याचंच पाणी.

६ नोव्हेंबर

पिटुनियावर केवडा पडला. शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या. कॅलिब्राकोआचे शेंडे तर पांढुरके. सामू ६.८, कॅलिब्राकोआच्या काही कुंड्यांत ६.९. ईसी ठीक, खत कमी पडलेलं नाही. शेततळ्याच्या पाण्यावरची रांग ६.० वर आणि हिरवीगार. दोन्ही रांगांत मिश्रण एक, खत एक, रोपांची तारीख एक. फरक फक्त पाण्याचा.

झेंडूच्या बरोबर उलट हे झाड. पिटुनियाला चढ्या सामूत लोह ओढून घेता येत नाही. लोह कुंडीत आहे, पण विरघळलेलं नाही. अशा वेळी खताची मात्रा वाढवून काही होत नाही, आणि नायट्रेटचं खत वाढवलं तर सामू आणखी चढतो.

दादांनी हिराकस (फेरस सल्फेट) सुचवला. स्वस्त आहे, घरात आहे. पण ६.८ सामू आणि वर रोज बायकार्बोनेटचं पाणी, यात हिराकसातलं लोह लवकरच गंजून निकामी होतं, आणि पानाफुलांवर थेंब पडला तर काळे डाग. फुलावर आलेल्या कुंडीवर तो धोका मी घेणार नाही.

चिलेटेड लोहाचंही, म्हणजे विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेल्या लोहाचंही, तसंच आहे, डब्यावर नुसतं 'चिलेटेड' वाचून चालत नाही, धरणारा रेणू कुठला ते बघायचं. ईडीटीए सामू ६ ते ६.५ च्या पुढे लोह धरून ठेवत नाही. डीटीपीए ७ च्या थोडं पुढेपर्यंत टिकतं. ईडीडीएचए ९ पर्यंतही सोडत नाही. आपल्याला आज ईडीडीएचएच हवं. महाग आहे, पण इथे दुसरं काही घालणं म्हणजे पैसे निचऱ्यातून सोडून देणं. ६ टक्के लोहाचं, १०० लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे लिटरमागे २१ मिग्रॅ लोह. लालभडक पाणी होतं. आळवणी केली आणि पानं लगेच धुतली.

९ नोव्हेंबर

लोहाने झाड सावरेल, सामू उतरणार नाही. मूळ पाण्यात आहे, तर पाणीच बदलायला हवं. ॲसिडचा हिशोब मांडला.

बोअरची अल्कता ३२०. पन्नासने भागलं की ६.४ मिली-इक्विव्हॅलंट प्रति लिटर. आपल्याला १०० ठेवायची आहे, म्हणजे २. काढायची ४.४. सगळी काढायची नाही. पाण्यात थोडा आधार राहिला नाही तर सप्टेंबरचं झेंडूचं दुखणं पिटुनियाला लागेल.

कुठलं ॲसिड? फॉस्फोरिक हाताळायला त्यातल्या त्यात सौम्य, पण इतक्या अल्कतेला ते पुरवलं तर लिटरमागे १३५ मिग्रॅच्या वर स्फुरद जातो. कुंडीतल्या झाडाला तो फार जास्त, नुसती लांबुडकी वाढ होते. सल्फ्युरिक स्वस्त, पण कॅल्शियम नायट्रेटच्या टाकीत चुकून मिसळलं तर जिप्समचा गाळ आणि ड्रीपर बंद. नायट्रिक घेतलं. त्यातून लिटरमागे सुमारे ६२ मिग्रॅ नत्र येतो, तेवढा खतातून वजा केला. ६० टक्क्यांचं नायट्रिक साधारण १३ नॉर्मल असतं, त्यामुळे हजार लिटरच्या टाकीला ३४० मिलि. आधी बादलीत करून बघितलं, अल्कता पुन्हा मोजली, १०० च्या जवळ आली, मगच टाकीत.

नियम फळ्यावर लिहिले आणि प्रत्येकाकडून वाचून घेतले. पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडवर पाणी कधीच नाही. रबरी हातमोजे, चष्मा, ॲप्रन. कॅन बंद खोलीत नाही. शेजारी भरलेली पाण्याची बादली कायम. मावशींच्या नातवाला शाळा सुटल्यावर इकडे येऊ द्यायचं नाही, हेही लिहिलं. ॲसिडचं काम मी किंवा दादा, तिसरं कुणी नाही.

एक गोष्ट दादांना आज सकाळी खटकली. काल संध्याकाळी टाकीतलं पाणी ६.० होतं, सकाळी ६.९. ॲसिड उडून गेलं का? नाही. ॲसिड आणि बायकार्बोनेट मिळून झालेला कार्बन डायऑक्साइड रात्रभरात हवेत गेला, म्हणून सामू वर सरकला. अल्कता मोजली तर १०० च, जराही बदल नाही. पुन्हा ॲसिड घालायचं नाही.

२६ नोव्हेंबर

पिटुनिया ६.२, शेंडे हिरवे. कॅलिब्राकोआ ६.३, अजून उतरायला हवा. त्या रांगांना ईडीडीएचएची आणखी एक आळवणी. साधं बोअरचं पाणी चालू ठेवलेल्या तुलनेच्या रांगेत सामू ७.० ला टेकला. तिथे लोह दिल्याने पानं हिरवी झाली होती, पण नवीन फूट पुन्हा पिवळी निघते आहे. नुसत्या लोहावर किती दिवस निघतात याचं उत्तर त्या रांगेत आहे.

१९ डिसेंबर

थंडी. कॅलिब्राकोआचा सामू लवकर उतरावा म्हणून अमोनियम सल्फेट देऊ का, असं दादांनी विचारलं. एप्रिलमध्ये मी हो म्हणाले असते. या थंड कुंड्यांत अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू मंदावलेले असतात, अमोनिया मुळांशी साठून राहतो आणि झाड बसतं. ॲसिडच्या पाण्याने जे हळू होतंय ते होऊ द्यावं. आज ६.०.

१४ जानेवारी २०२५

कुंड्या पुण्यात जाऊ लागल्यावर तक्रारी येतात त्या मुख्यतः दोन ठिकाणांहून: टँकरच्या पाण्यावरच्या सोसायट्या, आणि गॅलरीतल्या झाडांना आरओच्या मशीनमधून बाहेर पडणारं पाणी घालणारी घरं. दुसरे लोक पाणी वाचवायच्या भल्या हेतूने करतात, पण त्या पाण्यात बायकार्बोनेट आणि क्षार दाट झालेले असतात, आपल्या बोअरपेक्षाही वाईट निघू शकतं. आपण इथे महिनाभर झटून ६.० वर आणलेली कुंडी तिथे पुन्हा चढत जाते.

दादांना म्हटलं, प्रत्येक पिटुनिया आणि कॅलिब्राकोआच्या कुंडीला चिठ्ठी लावू. मजकूर ठरला: "या झाडाला नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घाला. आरओचं टाकाऊ पाणी घालू नका. एसीतून गळणारं पाणी चालतं, पण खत मिसळून. शेंडा पिवळा आणि शिरा हिरव्या दिसल्या तर युरिया घालू नका, दुकानात ईडीडीएचए लोह मागा, अर्धा चमचा पाच लिटर पाण्यात, मातीत ओता आणि पानं धुवा." दादांना अर्धा चमचा नेमका किती हे तपासून हवं होतं. काट्यावर वजन केलं, सपाट भरलेला अर्धा चहाचा चमचा दोन ग्रॅमच्या आत येतो. चिठ्ठी छपाईला गेली.